वर्ष सरले, हिशेब मांडू या

(वर्षाखेरीस नागपुरात मंडळीच्या सेवकांपुढे केलेले भाषण)



नाताळ झाला. चार दिवसांनी वर्ष संपेल. ३१ डिसेंबरच्या रात्री आपण प्रार्थनेला जमू, देवाचे आभार मानू. त्याआधी एक काम उरले आहे. ते म्हणजे आपला स्वतःचा हिशेब.

हिशेब आपल्याला नवा नाही. दुकानदार दिवाळीला नवी वही घालतो. पुष्कळ गावांत सालदाराचा हिशेब पाडव्याला होतो. कापूस किती निघाला, खर्च किती झाला, हे शेतकरी बोटांवर सांगतो. मग चार माणसे ज्याच्या शब्दाने चालतात, त्याने आपला हिशेब का मांडू नये? पाळक असो, मंडळीचा पंच असो, रविवारच्या शाळेची बाई असो, आपण सारे पुढारीच आहोत.

आपण वहीत काय लिहितो? उपासना किती झाल्या, बाप्तिस्मे किती झाले, वर्गणी किती जमली. हे लिहावेच. पण ही कामाची वही झाली. मनाची वही निराळी.

येशूने चाकरांची एक गोष्ट सांगितली आहे. धनी परगावी निघाला. जाताना त्याने चाकरांच्या हाती पैसा दिला. एकाने आपला वाटा जमिनीत पुरून ठेवला. त्याने पैसा उडवला नाही, चोरला नाही. तरी धनी रागावला. का? पैसा होता तेवढाच राहिला म्हणून. पुढारीपणही असेच आहे. मूठ आवळून धरले तर ते वाढत नाही. म्हणून आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या.

पहिला प्रश्न : या वर्षी आम्ही काय सोडले?

रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ या नागपुरात राहिले होते. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते मोठे कवी झाले. मिशनमध्ये त्यांना मान होता, पगार होता. पण आपली मंडळी परक्या पैशावर किती दिवस उभी राहणार, हा विचार त्यांना बोचत होता. १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला.

सगळ्यांनी पगार सोडावा, असे आमचे म्हणणे नाही. पण खुर्ची, मान, 'मी म्हणेन तसेच' हा हट्ट, यांतले काही सुटले का? हे ज्याचे त्याने पाहावे.

दुसरा प्रश्न : आमच्यामागे काम चालेल का?

टिळक १९१९ साली वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते कोणी पुरे केले? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. टिळकांनी त्यांना वाचायला शिकवले, म्हणून हे होऊ शकले.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. त्यांनी इथे शाळा काढली. १८६३ साली, शेहेचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, गावाबाहेर पुराच्या पाण्यात बुडून ते वारले. पण शाळा बुडाली नाही. काम सांभाळणारी माणसे मागे होती. १८८३ साली त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले. ते आजही आहे.

आता आपले पाहू. आपण आजारी पडलो तर रविवारची उपासना कोण चालवील? वर्गणीचा हिशेब दुसऱ्या कुणाला येतो का? या वर्षी कोणत्या पोराला, कोणत्या सुनेला आपण पुढे उभे केले? एकही नाव आठवत नसेल, तर काम पुष्कळ झाले तरी वही कोरीच आहे.

तिसरा प्रश्न : कुणाशी बोलणे तुटले आहे?

२९ नोव्हेंबर १९७० हा दिवस नागपूरला विसरता येत नाही. त्या दिवशी निरनिराळ्या सहा मंडळ्या इथे एक झाल्या आणि 'उत्तर भारताची मंडळी' स्थापन झाली. वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. म्हणजे एकेचाळीस वर्षे! कुणात बिशप होते, कुणात नव्हते. कुणी तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत, कुणी फक्त जाणत्या माणसाला. शेवटी दोन्ही रीती ठेवल्या, पण घर एक केले. बोलणी करणाऱ्यांपैकी सगळेच आत आले नाहीत. तरी जे आले, त्यांनी आपापली जुनी नावे खाली ठेवली. तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्या दिवशी मंडळीचे नवे वर्ष सुरू होते. जुन्या वर्षाचे भांडण नव्या वर्षात न्यायचे नाही, असाच तो दिवस झाला.

आपल्या गावात मंडळी दोनशे माणसांची, आणि त्यात तट दोन! पुढारी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. मग पोरे म्हणतात, तिथे जाऊन करायचे काय? पुढाऱ्यांचे भांडण होते आणि नुकसान लेकरांचे होते.

बंधूंनो, भगिनींनो, आता आपल्याला लिहिता येते. आज रात्री एक कागद घ्या. त्यावर तीन ओळी लिहा. मी काय सोडणार? कुणाला शिकवणार? कुणाच्या दारी जाणार? तिसऱ्या ओळीत माणसाचे नाव लिहा. मग तो कागद घरच्या माणसाला वाचून दाखवा. आपले खरे रूप घरच्यांना ठाऊक असते. ते हसले, तर पुन्हा लिहा.

आणि ज्याचे नाव लिहिले, त्याच्या दारी ३१ तारखेच्या आत जा. प्रार्थनेला त्याला बरोबर घेऊनच या.