चढणीच्या माशांची वाट



मृगाचे पहिले चार पाऊस झाले, ओढ्यांना गढूळ पाणी आलं, की भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत रात्री बॅटऱ्या फिरू लागतात. कुणाकडे पागेर जाळं, कुणाकडे नुसती काठी आणि घमेलं. चढणीचे मासे आलेले असतात! वर्षभर गावात नसणारी पोरंही या दिवसांत मुंबई-पुण्याहून रजा काढून येतात. चढणीच्या माशाची चव मी नाकारणार नाही. पण तो मासा त्या रात्री कुठं निघालेला असतो? तो अंडी टाकायला वर निघालेला असतो आणि मादीचं पोट गाभोळीनं भरलेलं असतं. त्या कालवणात पुढच्या वर्षीचे मासे शिजत असतात.

आज बोलायचं आहे ते या चढणाऱ्यांतल्या सर्वांत मोठ्या माशाबद्दल, महाशीरबद्दल. काही ठिकाणी त्याला खडशी म्हणतात. मोठे राठ खवले, निळसर पर, आणि मिळेल ते खायची तयारी: फळं, शेवाळ, खेकडे, लहान मासे. वीस किलोंपर्यंतचा महाशीर दख्खनच्या नद्यांत होता. शास्त्रात त्याची पहिली नोंद झाली ती आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या माशावरून. कर्नल साईक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी आकडेवारी गोळा करत दख्खनभर हिंडला आणि त्या नादात पक्षी, मासे, धान्यं, सगळंच टिपत गेला. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या या माशाचं वर्णन त्यानं १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं. आज त्याच ठिकाणी नदीत जाळं टाकलं तर काय लागेल, ते पुणेकरांनी स्वतःच ठरवावं.

महाशीर कमी झाला, हे १९७० च्या आधीच लक्षात आलं होतं. राज्याचे माजी मत्स्यसंचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी त्याच्या विणीचा अभ्यास केला आणि टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याला वळवण तलावाच्या काठी महाशीरचं बीज तयार करायला सुरुवात केली. मादीच्या पोटावरून अलगद हात फिरवून अंडी काढायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं आणि वाहत्या स्वच्छ पाण्यात ती उबवायची. सांगायला सोपं, पण रोहूची मादी दर किलो वजनामागे लाखांनी अंडी देते, महाशीरची काही हजारच. शिवाय या अंड्यांना थंड, वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणीच लागतं. ते काम तिथं जिद्दीनं झालं, पन्नास वर्षं चाललं आणि लोणावळ्याची पिल्लं देशभरच्या पाण्यात गेली. पुढं संकटग्रस्त जीवांच्या जागतिक यादीतही हा मासा 'धोक्यात' या वर्गातून बाहेर आला.

मग प्रश्न सुटला का? माझ्या मते नाही, आणि याचा पुरावा कावेरीत आहे. कावेरीचा स्वतःचा एक महाशीर आहे, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. त्याच नदीत आपला निळ्या परांचा महाशीर वर्षानुवर्षं सोडला गेला. हेतू चांगलाच होता. पण पाहुणा फोफावला आणि घरचा मासा आटत गेला. २०१८ मध्ये त्या कुबडवाल्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. पिल्लं सोडणं आणि मासा राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याचा फोटो निघतो, म्हणून ते जास्त होतं.

अमेरिकेत सामन माशाच्या बाबतीत हेच घडलं. समुद्रातून नदीत चढणाऱ्या या माशाच्या वाटेवर धरणं आली. कोलंबिया नदीच्या बॉनव्हिल धरणात १९३८ पासून माशांसाठी पायऱ्या आहेत, आणि बीजकेंद्रांतून कोट्यवधी पिल्लं सोडली गेली. तरीही रानटी सामन घटतच राहिला. शेवटी क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडली. ते काम २०२४ मध्ये संपलं आणि काही आठवड्यांतच सामन त्या भागात पुन्हा दिसला.

आपल्याकडे असं होणार नाही. भाटघर धरणाची भिंत १९२८ पासून उभी आहे, तिच्यात साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं. शेजारी नीरा-देवघर, खाली वीर, इकडे धानेपजवळचं गुंजवणी, पलीकडे पानशेत आणि वरसगाव. बारामती-फलटणचा ऊस आणि पुण्याचे नळ या पाण्यावर आहेत, ती धरणं कुणी पाडा म्हणणार नाही. पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. धरणाच्या फुगवट्यात मोठा झालेला मासा विणीला खाली जात नाही, तो वर चढतो. म्हणजे हिरडस मावळातली वरची नीरा, वेळवंडीला मिळणारे ओढे, तोरणा-राजगडाच्या कुशीतलं पाणी, तिथली गोट्यांची, वाळूची उथळ पात्रं ही आता या माशांची बाळंतिणीची खोली आहे. तिथंच आपण रात्री बॅटरी घेऊन उभे असतो.

शिवाय तिथंच जेसीबी गोटे उपसतो, फार्महाऊसच्या प्लॉटसाठी ओढा बुजवतो, आणि गावोगाव पक्के सिमेंट बंधारे होतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाआधी काढल्या की मासा निघून जातो. सिमेंटच्या भिंतीखाली तो अडकतो आणि तिथंच पकडला जातो. उन्हाळ्यात उरलेल्या डोहांत गेळाची फळं किंवा रामेठ्याचा पाला ठेचून टाकायची चाल जुनी. आता ब्लीचिंग पावडर आणि जिलेटिन आलं. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ सालीच कायद्यानं मनाई झाली होती. डोहापर्यंत तो कायदा चालत आला नाही, एवढंच.

मढे घाटाखाली महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथल्या महाशीरला कुणी हात लावत नाही, भाविक कुरमुरे टाकतात आणि मोठमोठे मासे काठाशी येतात. वाडा तालुक्यात तिळसे इथंही वैतरणेत तसंच. भोर-वेल्ह्याला देवराया नव्या नाहीत, वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास १९७० च्या दशकातच केला होता. राईला जो नियम, तोच गावानं डोहाला लावावा, सुरुवात ग्रामसभेच्या ठरावानं करता येईल.

तेव्हा भोर-वेल्ह्यातल्या सरपंचांना आणि मच्छीमार संस्थांना माझी विनंती आहे. पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस ओढ्यांत जाळं लावू नका, प्रत्येक गावानं एक डोह राखा, आणि नव्या बंधाऱ्याच्या आराखड्यावर सही करण्यापूर्वी अभियंत्याला विचारा, की यातून मासा वर कसा जाणार?