तारेखालची जागा



एप्रिलमध्ये सातवीची एक मुलगी माझ्याकडे गिटार शिकायला आली. आजोबांनी वाढदिवसाला घेऊन दिलेली कोरी गिटार होती, खुंट्यांवरचं प्लास्टिकसुद्धा तिनं अजून काढलं नव्हतं. तीन आठवडे नेमानं आली आणि एके दिवशी खाली मान घालून म्हणाली, "सर, माझी बोटंच लहान आहेत. मला नाही जमणार." एकाच वेळी अनेक तारा दाबाव्या लागणाऱ्या एफ कॉर्डनं तिला अडवलं होतं. मी तिची गिटार मांडीवर घेतली आणि एफ धरला. तीस वर्षं वाजवतोय मी, पण दोन मिनिटांत माझंही मनगट भरून आलं. बोटं लहान नव्हती. तारा उंच होत्या.

आज मला या उंचीबद्दलच बोलायचंय. नवी गिटार घेताना आपण आवाज ऐकतो, रंग बघतो, किंमत विचारतो. ती हाताला कशी लागते, हे बघायचं राहून जातं. नवशिक्याला तर ते कळणारही नाही, कारण त्याच्यापाशी तुलनेला दुसरी गिटारच नसते. माझ्या पहिल्या गिटारीच्या वेळी दुकानदार म्हणाले होते, "वाजवत राहा, बोटं घट्ट होतील." बोटं घट्ट झाली, पण दोन वर्षं मी स्वतःलाच कच्चा समजत राहिलो. ती दोन वर्षं मला अजून सलतात.

तारेची ही उंची, म्हणजे वादकांच्या भाषेत ॲक्शन, बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, मोजतात. तिथे तारेचा बरोबर मध्य येतो. साधी स्टीलची पट्टी घ्या, जिचा शून्य अगदी कडेला आहे अशी. ती फ्रेटवर उभी धरा आणि तारेची खालची बाजू कुठे येते ते बघा. सर्वांत जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि सर्वांत बारीक तारेखाली दोनच्या आसपास जागा असली, की हात सुखानं फिरतो. या मुलीच्या गिटारीवर साडेतीन आणि तीन होती. ऐकायला एक मिलिमीटर काहीच वाटत नाही. पण सहा तारा मिळून गिटारीवर साधारण ७० किलोंचा ताण देत असतात, आणि त्या ताणाविरुद्ध प्रत्येक तार तेवढी जास्त दाबायची असते.

खरी मेख मात्र नटमध्ये होती. मानेच्या टोकाशी तारा ज्या हाडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीतून जातात, ती नट. तिच्या खाचा पुरेशा खोल नसल्या, तर पहिल्या फ्रेटपाशी तार धुण्याच्या दोरीसारखी वर राहते, आणि एफ कॉर्ड नेमका तिथेच, पहिल्या फ्रेटवर धरायचा असतो. शिवाय उंच तार दाबताना ताणली जाते आणि तिचा स्वर चढतो. म्हणजे मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक लागलेल्या, आणि कॉर्ड धरला की बेसूर. मग घरचे म्हणतात, पोरीला सुराचं अंग नाही! ही परीक्षा दुकानातच करता येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर वाकून बघा. तिथे केसभर फट दिसायला हवी, त्याहून जास्त नाही.

आम्ही सांगलीचे, त्यामुळे मी तिला आणि तिच्या आजोबांना घेऊन सरळ शेजारच्या मिरजेला गेलो. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात या गावात तंतुवाद्यं घडवायला घेतली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्यांच्याकडे गेलो, ते कारागीर मुळात जवारी काढणारे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. तार त्याला हलकेच घासत राहावी आणि नाद झंकारत खुलावा, म्हणून तो माथा ते तासन्‌तास घासतात, हीच जवारी. गिटारीत नेमकं उलट हवं असतं. तार एका बारीक धारेवरून स्वच्छ सुटली पाहिजे, कुठे घासली की ती खरखरते. काम उलटं, पण कान तेच आणि कानस तीच.

त्यांनी गिटारीच्या घोडीतली, म्हणजे ब्रिजमधली, सॅडल उपसून काढली. तारा जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी म्हणजे सॅडल. पेन्सिलीनं तळाशी रेघ मारली आणि काचेवर पॉलिशपेपर ठेवून सॅडल खालून घासायला लागले. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडलमधून दोन काढावे लागतात, कारण तो फ्रेट तारेच्या मध्यावर आहे. त्यांनी दोन एकदम काढले नाहीत. एक काढला, तारा चढवल्या, कान लावला, पुन्हा उतरवल्या. "काढलेलं परत लावता येत नाही," एवढंच म्हणाले. मग नटच्या खाचा, प्रत्येक तारेला वेगळ्या जाडीच्या कानशीनं. सगळं मिळून दीड तास.

आवाजाबद्दलही सांगतो. गिटारीचा आवाज मुख्यतः पुढच्या फळीत असतो. ती अखंड लाकडाची असली, म्हणजे दुकानदार जिला सॉलिड टॉप म्हणतात तशी, तर जेमतेम तीन मिलिमीटरची ही स्प्रूसची फळी मोकळेपणानं थरथरते. थर चिकटवून केलेली फळी त्या मानानं मुकी वाटते. पैसे मोजकेच असतील तर ते पुढच्या फळीवर घाला, मागची-बाजूची थरांची असली तरी चालेल. तिथे उत्तम मानलं जाणारं लाकूड आपल्या ओळखीचं आहे: शिसव. ब्राझीलचं शिसव दुर्मीळ झाल्यावर अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनं १९६९ पासून भारतीय शिसव वापरायला घेतलं. आणि एक विनंती. तारा बदलल्याशिवाय कुठल्याही गिटारीच्या आवाजाला नावं ठेवू नका. दुकानात टांगलेल्या गिटारीच्या तारांना महिनोन्‌महिने येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात लागलेले असतात.

अखंड लाकूड हवा ओळखतं. कोकणात पावसाळ्यात दारं फुगतात ना, तशी ही फळीही फुगते, ब्रिजपाशी पोट काढते आणि तारा पुन्हा वर जातात. विदर्भातल्या मे महिन्यात उलट घडतं. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोटांना टोचायला लागतात, कधी फळीला चीरही जाते. म्हणून गिटार भिंतीवर टांगून न ठेवता पेटीत ठेवावी.

जुलैमध्ये, झडीच्या दिवसांत, ती मुलगी क्लासला आली ती दप्तरातून स्टीलची पट्टी काढतच. म्हणाली, "सर, जाड तारेखाली पावणेतीन झालंय. पाऊस असेल ना?" मी पट्टी धरून बघितलं. पावणेतीनच होतं. मग तिनं एफ धरला.