टाकाऊ कागदांची कैफियत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'ऑस्ट्रेलियातील जुनी चित्रपट-भित्तिपत्रके' हा विषय आम्ही कळविला, तेव्हा आपल्या कार्यवाहांनी मोठ्या सौजन्याने विचारले, "साहेब, विषय छानच आहे, पण आपल्या मंडळींना त्याचे काय?" शंका रास्त होती. तिचे उत्तर आम्ही भाषणाच्या शेवटी देणार आहोत. तोवर श्रोत्यांनी धीर धरावा, एवढीच प्रार्थना.

आमच्या या छंदाचा उगम घरातच झाला. वडिलांच्या पश्चात त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा तीत चित्रपटांची चाळीसएक पुस्तके निघाली. थिएटरच्या दाराशी कथासार आणि गाणी छापलेली जी चोपडी आण्या-दोन आण्यांना मिळे, तीच ही. त्यांत 1940 सालच्या 'डायमंड क्वीन'चे एक पुस्तक होते आणि त्यावर होती निर्भय नादिया. 1935 च्या 'हंटरवाली'ने वाडिया मूव्हिटोनच्या या नायिकेला घराघरांत पोहोचविले, हे आम्ही ऐकून होतो. तिचे मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि तिचा जन्म 1908 साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी झाला, हे मात्र नव्याने कळले. मुंबईच्या पडद्यावर चाबूक फिरविणारी ही बाई ज्या भूमीत जन्मली, तिथले लोक चित्रपट कसे पाहत आणि त्यांच्या जाहिराती कशा करीत, अशी जिज्ञासा उत्पन्न झाली आणि आम्ही त्या देशाच्या कागदांत शिरलो ते अद्याप बाहेर आलेलो नाही.

तेथील भित्तिपत्रकांत सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण प्रकार 'डेबिल' या नावाने ओळखला जातो. उंच, अरुंद, जणू दाराच्या चौकटीशेजारी टांगण्यासाठीच बेतलेला हा कागद. आरंभीच्या काळात तो सुमारे 15 इंच रुंद व 40 इंच उंच असे. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली, तेव्हा तो सुमारे 10 बाय 30 इंचांवर आला. पुढे सुबत्ता आल्यावर 13 बाय 30 इंच हे माप रूढ झाले. नुसती पट्टी लावून कागदाचा काळ ढोबळमानाने सांगता येतो, हा पहिला धडा आम्हांस या डेबिलांनी दिला.

दुसरी मौज चित्रांची. चित्रपट बहुधा अमेरिकेचा वा इंग्लंडचा, पण डेबिल छापले जाई सिडनीत. तळाशी बारीक अक्षरांत डब्ल्यू. ई. स्मिथ किंवा रॉबर्ट बर्टन अशा मुद्रकांची नावे आढळतात. तेथील कारागीर मूळ चित्र समोर ठेवून ते शिळाछापासाठी हाताने पुन्हा रेखाटीत. रंग मोजके, जागा अरुंद. म्हणून नायिकेचा चेहरा थोडा बदले, नायकाचा घोडा चित्राबाहेर राही आणि आकाश एकाच निळ्या रंगात उरके. हॉलिवूडच्या गुळगुळीत छपाईपुढे ही चित्रे ओबडधोबड दिसतात खरी, परंतु त्यांत एका अनामिक माणसाचा हात दिसतो. आपल्याकडे रवि वर्म्याच्या शिळाछाप चित्रांवर वाढलेल्या पिढीस हा जिव्हाळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आमच्या फजितीची एक हकीकत. आम्ही टपालाने मागविलेले पहिले डेबिल एका अमेरिकन घोडेस्वारी चित्रपटाचे होते. चित्रपट पन्नाशीच्या दशकातला, तेव्हा कागदही त्याच काळातला, असे आम्ही गृहीत धरले आणि कार्यालयातील मित्रमंडळींस अभिमानाने तसे सांगितलेही. वर्षभराने भिंगाखाली पाहताना कोपऱ्यात तीन रोमन अक्षरे दिसली : एन, आर, सी. 'मुलांसाठी शिफारस नाही' अशा अर्थाची ही खूण ऑस्ट्रेलियात 1971 च्या नोव्हेंबरात अमलात आली आणि 1984 मध्ये तिची जागा दुसऱ्या खुणेने घेतली. म्हणजे आमचा कागद मूळ खेळाचा नव्हता. चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला त्या वेळचा होता. विक्रेत्याला दोष द्यावा, तर अक्षरे आमच्याही डोळ्यांसमोर होतीच. फाइलीवरील प्रत्येक शेरा वाचण्याची सवय अंगी मुरलेल्या माणसाने घरी आल्यावर ती सवय खुंटीला टांगून ठेवली, त्याचे हे फळ!

तेव्हापासून आम्ही संग्रहापेक्षा संशोधनात अधिक रमू लागलो. पुष्कळ जाहिरातींवर वार आणि तारीख असते, सन मात्र नसतो. कारण ज्याने ती छापली त्याला पुढच्या आठवड्याची चिंता होती, पुढच्या शतकाची नव्हे. वार आणि तारीख यांचा मेळ घातला की काही ठराविक वर्षेच शिल्लक राहतात. मग त्या वर्षांची वृत्तपत्रे पाहावयाची. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2009 पासून 'ट्रोव्ह' या नावाने जुनी वृत्तपत्रे संगणकावर सर्वांस खुली केली आहेत. कोणत्या गावी, कोणत्या शनिवारी, कोणता खेळ लागला, हे आपल्या घरी बसून शोधता येते. सेवानिवृत्तीनंतर वेळ कसा जाईल, ही चिंता आम्हांस उरलेली नाही.

या टाकाऊ कागदांचे मोल किती, याचे एकच उदाहरण देतो. 1906 च्या 26 डिसेंबरला मेलबर्नच्या अथेनियम सभागृहात 'द स्टोरी ऑफ द केली गँग' हा चित्रपट प्रथम दाखविण्यात आला. चार्ल्स टेट यांचे दिग्दर्शन, नेड केली या दरोडेखोराची कथा आणि लांबी एका तासाहून अधिक. जगातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून त्याचा गौरव होतो आणि 2007 मध्ये युनेस्कोने त्याची नोंद जागतिक स्मृतीच्या पटावर केली. परंतु मूळ चित्रपटापैकी आज अवघी सतरा मिनिटांच्या आसपास फीत उपलब्ध आहे. कित्येक दशके तर तो पूर्णतः नष्ट झाला, असेच मानले जात होते. मग हाती काय होते? काही छायाचित्रे आणि प्रेक्षकांसाठी छापलेली एक कार्यक्रमपुस्तिका. तीत कथासार प्रवेशवार दिलेले होते. पुढे फितीचे तुकडे मिळत गेले, तेव्हा कोणता तुकडा कोठला हे ठरविताना ती पुस्तिका मोलाची ठरली. ज्याच्यासाठी लोकांनी तिकीट काढले ते बव्हंशी गेले आणि सोबतचा कागद त्याचा साक्षीदार म्हणून उभा राहिला!

आपल्याकडे तरी याहून वेगळे काय घडले? 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट 1931 च्या 14 मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. आज त्याची फीत नाही. आहेत ती छायाचित्रे आणि जाहिराती. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी चित्रपटाइतकेच त्याच्या भित्तिपत्रकावरही प्रेम केले. त्यांच्या 1924 च्या 'कल्याण खजिना'चे भित्तिपत्रक हे आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी एक मानले जाते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली स्थापन झाले, कॅनबेराचे तसेच संग्रहालय 1984 साली. दोन्ही देशांत शहाणपण आले, परंतु पुष्कळसे हातचे गेल्यावर आले.

जतनाविषयी दोन शब्द. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. प्लॅस्टिकच्या आवरणात उष्णतेने कायमचे बंद तर मुळीच करू नये. जाणकार लोक गव्हाच्या खळीने पाठीमागे पातळ कागद वा कापड लावतात, कारण खळ पाण्याने सुटते आणि पुढील पिढीस आपली चूक दुरुस्त करता येते.

आता कार्यवाहांच्या प्रश्नाकडे वळतो. या स्मरणिकेसाठी मंडळाच्या पहिल्या वर्षाचे एखादे पत्रक मिळावे, म्हणून समितीने सहा महिने शोध घेतला. काही मिळाले नाही. ते का मिळाले नाही, हे या सभागृहात फक्त आम्हांस ठाऊक आहे. 1998 साली मंडळाने भाड्याची जुनी खोली सोडली, तेव्हा सहकार्यवाह या नात्याने आवराआवर आमच्याकडे होती. दोन पोती भरून जुने कागद आम्ही रद्दीवाल्यास वजनावर दिले आणि आलेल्या पैशांची पावती मात्र चोख फाडली. परक्या देशातील कागदांसाठी हळहळणारा हा माणूस आपल्या घरच्या कागदांबाबत असा वागला. हे आज कबूल केल्यावाचून पुढे बोलणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

गेल्या महिन्यात आपल्या एक ज्येष्ठ सभासद भगिनी घडी घातलेला एक कागद घेऊन आमच्याकडे आल्या. देवघराच्या फळीवर तो अंथरलेला होता. तेलाचे डाग, एक कोपरा जळका. गणेशोत्सवातील नाटकाचे ते पत्रक. त्यावर लिहिले होते : 'दिवस सहावा, रविवार, ता. 14 सप्टेंबर'. सन नाही! आम्ही पंचांगे काढली. 14 सप्टेंबरचा रविवार 1975 मध्ये येतो आणि 1980 मध्येही. दोन्ही वर्षी तो गणेशोत्सवातच पडतो. परंतु 1980 साली तो उत्सवाच्या अगदी आरंभीचा दिवस होता. सहावा ठरतो तो 1975 मध्येच. म्हणजे हे मंडळाच्या स्थापनावर्षाचे, पहिल्या नाटकाचे पत्रक.

'इतकी वर्षे तो कागद कसा राहिला?' असे आम्ही त्या वहिनींना विचारले. त्यांनी प्रकाशयोजनेच्या ओळीवर बोट ठेवले. तेथे त्यांच्या दिवंगत यजमानांचे नाव होते. "नाव छापलेले होते ना, म्हणून टाकवले नाही," एवढेच त्या म्हणाल्या. ग्रंथालयशास्त्राचे सारे ग्रंथ वाचूनही जतनाचे याहून चांगले कारण आम्हांस सापडले नसते.

ते पत्रक या स्मरणिकेत छापले जात आहे. आमची विनंती इतकीच, की आपल्या ट्रंकांत, फळ्यांवर, पुस्तकांच्या पानांत मंडळाचा जो कागद असेल तो रद्दीत देण्यापूर्वी एकदा आम्हांस दाखवावा. आपण येथे गावापासून दूर राहतो. आपल्या मागे येथे वाडे नाहीत, शेते नाहीत. या शहरात पन्नास वर्षे मराठी माणसे होती, त्यांनी नाटके केली, वर्गणी गोळा केली, भांडणेही केली, याचा पुरावा असे कागदच देणार आहेत. ते आणताना संकोच करू नये. तेलाचे डाग असले तरी चालतील. आणि आम्ही पावतीही देऊ.