केळीचे पान आणि वीस मिनिटे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पेणला व रोह्यास मी बरीच वर्षे परिचारिकेचे काम केले, म्हणून भाजण्याविषयी बोलावे अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय गोड नाही. पण विस्तव, उकळते पाणी व तापलेले तेल रोज आपल्याच हाती असते, तेव्हा तो आपलाच म्हटला पाहिजे.

भाजलेल्या जखमेची पट्टी सोडविणे हे रोग्याला भाजण्याइतकेच कठीण जाते. कापड जखमेला चिकटते आणि नुकती धरलेली कोवळी कातडी त्याबरोबर सोलून निघते. यावर मुंबईच्या डॉ. केसवानी यांनी १९८०च्या दशकात उकडलेल्या बटाट्यांच्या सालींची पट्टी करून पाहिली. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी आपले केळीचे पान घेतले! पान कापडी पट्टीवर चिकटवून दाबाच्या वाफेत निर्जंतुक करावयाचे व जखमेवर ठेवावयाचे. पानाचा पृष्ठभाग मेणासारखा गुळगुळीत. त्यामुळे ते चिकटत नाही, अलगद सुटते. जखम सालीच्या पट्टीइतकीच चांगली भरते आणि खर्च मात्र फार थोडा, असे त्यांचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

आता आपल्यापैकी कोणी म्हणेल, "परसातले पान कापून लावले म्हणजे झाले!" नाही हो. मोदकाखालच्या पानाला पुसून घेतले की पुरते. जखमेला तेवढ्याने भागत नाही. कातडी गेली की जंतूंना दार उघडे सापडते. ते पान रुग्णालयातच शोभते.

मग घरी काय करावे? नळाचे साधे गार पाणी, आणि तेही पुरी २० मिनिटे. विस्तव दूर झाला तरी आत मुरलेली उष्णता कातडी जाळीतच असते. पाणी ती ओढून घेते. बर्फ नको. तूप, हळद, शाई, टूथपेस्टही नको. त्यांनी जखम मळते व ती किती खोल आहे हे डॉक्टरांस दिसत नाही. सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या उतरवाव्या. फोड फोडू नये. स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना गाठावा. जखम मोठी असली, तोंडावर किंवा हातावर असली, अथवा लहान मूल भाजले, तर लगेच १०८ वर फोन करावा.

हे कळायला सोपे, वागायला अवघड. हात पोळला तरी "एवढा घाणा काढते, मग पाहू" असे म्हणणाऱ्या आपणच! पंगत दहा मिनिटे थांबते, पण बोटे आखडली तर ती जन्मभराची. म्हणून सासूबाईंनी सुनेस आणि सुनेने सासूबाईंस हाताला धरून नळाखाली उभे करावे, आणि तोवर कढई दुसरीने सांभाळावी, एवढेच माझे मागणे आहे.