प्रबंधाचे शेवटचे पान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, छत्रपती संभाजीनगर येथे, विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा आपण सत्कार केला, त्यांत औषधनिर्माणशास्त्राचे काही विद्यार्थी आहेत. मी या विषयाची शिक्षिका. तेव्हा त्यांच्या निमित्ताने चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. ती मी आनंदाने शिरसावंद्य मानते. मात्र माझे बोलणे मुलांपेक्षा त्यांच्या घरच्या मंडळींसाठी अधिक आहे, हे आरंभीच सांगून ठेवते.

औषधनिर्माणशास्त्र म्हटले की आपल्या समाजात पहिला प्रश्न येतो, “मग औषधांचे दुकान केव्हा काढणार?” दुकान काढण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु दुकानातील गोळी तेथवर येण्यापूर्वी तिच्यामागे केवढा खटाटोप झालेला असतो, त्याची आपणांस फारशी कल्पना नसते. हे शास्त्र आपल्या देशात विद्यापीठाच्या पायरीवर चढले तेच मुळी १९३२ साली, बनारस हिंदू विश्वविद्यालयात. प्राध्यापक महादेवलाल श्रॉफ यांनी तेथे त्याचा पाया घातला. औषधविक्रेत्याच्या व औषधशिक्षणाच्या पात्रतेचा कायदा झाला १९४८ साली. आणि आपल्या मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले २३ ऑगस्ट १९५८ रोजी; तोवर येथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहत असत. आज याच शहराच्या चिकलठाणा व वाळूज या औद्योगिक वसाहतींत औषधांचे कारखाने आहेत आणि आपल्या मुली तेथील प्रयोगशाळांत काम करतात. दोन-तीन पिढ्यांतील हे अंतर थोडे नव्हे.

या शास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिले वर्ष बहुतांशी व्याख्यानांचे व परीक्षांचे. दुसरे मुख्यतः संशोधनाचे आणि प्रबंधाचे. पहिल्या वर्षी घरच्यांना मुलाचे चालले आहे ते समजते, कारण गुणपत्रिका येते. दुसऱ्या वर्षी काहीच येत नाही. मूल सकाळी जाते, रात्री येते, थकलेले असते, आणि विचारले तर म्हणते, “आज नीट आले नाही.” येथेच घरोघरी कुरबुरीला सुरुवात होते. ती माझ्याही घरी झाली होती. म्हणून तीच हकीकत सांगते.

माझा विषय मधुमेहावरील मेटफॉर्मिन या औषधाच्या गोळीचा होता. हे औषध पाण्यात चटकन विरघळते. ते बारा तास हळूहळू सुटत राहील अशी गोळी करावयाची होती. त्यासाठी हायप्रोमेलोज नावाचा पदार्थ मिसळतात; तो ओलाव्याने फुगतो, गोळीभोवती बुळबुळीत थर धरतो आणि औषधाला एकदम बाहेर पडू देत नाही. परीक्षा अशी की सहा पात्रांत प्रत्येकी ९०० मिलीलिटर द्रव घ्यावयाचा, तो शरीराच्या उष्णतेइतका, म्हणजे ३७ अंशांवर ठेवावयाचा, प्रत्येक पात्रात एकेक गोळी टाकावयाची आणि ठरलेल्या वेळी नमुना काढून किती औषध उतरले ते मोजावयाचे. बारा तासांचा प्रयोग म्हणजे बारा तास उभे राहणे. रात्री फाटकाबाहेर वडील स्कूटर घेऊन वाट पाहत असत.

गोळी साधली. पुढची पायरी टिकाऊपणाची. त्यासाठी गोळ्या एका पेटीसारख्या यंत्रात ४० अंश उष्णतेत आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. पूर्ण कसोटी सहा महिन्यांची असते. माझ्या आराखड्यात वेळेअभावी तीनच महिने धरले होते. त्या यंत्राच्या टाकीत पाणी आहे ना, हे रोज पाहून वहीत टिपणे माझे काम होते. मे महिन्यात गावी चुलतबहिणीचे लग्न निघाले. नऊ दिवस मी गेले. टिपणाचे काम एका मैत्रिणीवर सोपवले होते. तिचीही परीक्षा होती, तिने खुणा तेवढ्या केल्या. परतून पाहते तो टाकी कोरडी, आणि आर्द्रता आपल्या उन्हाळ्यातल्या हवेइतकी खाली आलेली. नेमके किती दिवस तसे चालले होते, हे सांगता येईना. दोष मैत्रिणीचा नव्हे, माझाच. काम माझे होते.

गोळ्या काढून तपासल्या. उत्तम होत्या! कडकपणा तोच, औषध सुटण्याचा वेगही तोच. वही पूर्ण दिसत होती. प्रबंध देण्याची तारीख सहा आठवड्यांवर होती, आणि माझे लग्न त्यानंतर महिन्याभराने ठरले होते. एका सहाध्यायाने समजावले, “निकाल चांगला आहे ना? मग बोलतेस कशाला?” खरे सांगते, मला तो सल्ला वाईट वाटला नाही.

त्या रात्री वडिलांना सारे सांगितले. त्यांचे किराणा मालाचे दुकान. रसायन त्यांना कळत नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “घडलं तसं लिहिलंस तर नापास करतील?” मी म्हटले, “नाही, पण तीन महिने पुन्हा.” ते म्हणाले, “काटा थांबेल तिथंच वजन, बाळ. बोटानं सरकवला की ते दुकान राहत नाही.” दुसऱ्या दिवशी ते आमच्या मोठ्या काकांना घेऊन व्याह्यांकडे गेले आणि लग्न पुढे ढकलण्याची विनंती केली. मुलीचा बाप अशी विनंती कोणत्या मनाने करतो, हे या सभेत मी सांगावयास नको. व्याह्यांनी ती मोठ्या मनाने मानली, हे त्यांचे ऋण मी आजही विसरत नाही.

मार्गदर्शकांना सर्व सांगून, मुदत वाढवून घेऊन मी पुन्हा आरंभ केला. या वेळी आर्द्रता अखंड राहिली. तीन महिन्यांनी गोळ्या काढल्या तो त्या ओल धरून मऊ पडलेल्या, आणि औषध फार लवकर सुटत होते. म्हणजे पहिला चांगला निकाल गोळीचा नव्हताच; तो मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्याचा होता! अॅल्युमिनियमच्या पट्टीत बंद केलेल्या गोळ्या मात्र टिकल्या. प्रबंधात मी दोन्ही लिहिले: आधीचा फसलेला प्रयोग त्याच्या कारणासह, आणि नंतरचा. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सर्वांत अधिक वेळ त्याच पानावर घालविला.

आपण म्हणाल, विद्यार्थ्याच्या एका वहीचे एवढे काय? १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला होता. आणि २०२२ साली गांबियात बालके दगावली, तेव्हा खोकल्याच्या औषधांत पुन्हा तेच आढळले. विष ओळखण्याच्या कसोट्या ठाऊक होत्या. त्या प्रामाणिकपणे करून, आढळले ते लिहिणारा हात हवा होता. तो हात प्रबंधाच्या वर्षी घडतो. तेव्हा ज्याने आकडा सरकविला, तो कारखान्यात गेल्यावर सरकविणार नाही याची हमी कोण देईल?

आपल्या विद्यापीठाला १९९४ पासून ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एक उदाहरण मुलांनी लक्षात ठेवावे. रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध त्यांनी १९२२ साली लंडनला सादर केला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहावयास सांगितला. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली डॉक्टरेट मिळविली. प्रबंध परत येणे ही नामुष्की नव्हे, हे समजण्यास याहून मोठा दाखला नको.

आता माझ्या तीन विनंत्या. पहिली पालकांना: प्रबंधाच्या वर्षी घरातले कार्य ठरविताना मुलाला, आणि विशेषतः मुलीला, आधी विचारा. “केव्हा संपणार?” असे रोज विचारण्याऐवजी “आज काय आढळले?” असे विचारा, उत्तर कळले नाही तरी चालेल. दुसरी विद्यार्थ्यांना: आपली वही दुसऱ्याच्या हाती सोपवू नका, आणि चुकलात तर त्याच दिवशी मार्गदर्शकांना सांगा. तिसरी विनंती मंडळाला: आपली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बंद होते. ज्याचा प्रयोग खऱ्या कारणाने लांबला आणि मार्गदर्शकांनी तसे पत्र दिले, त्याला ती आणखी सहा महिने मिळावी. पैशाच्या चणचणीने मुलाला आकडा सरकविण्याचा मोह होऊ नये, एवढीच त्यामागील दृष्टी. या ठेवीचा आरंभ म्हणून माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ एक लहानशी रक्कम मी आज खजिनदारांकडे दिली आहे.

वडिलांच्या दुकानातील तो जुना तराजू आजही आमच्या घरी आहे. त्याच्याशेजारी माझा प्रबंध ठेवला आहे. दोन्ही वस्तू एकाच धंद्याच्या आहेत, असे मला वाटते.