दुसऱ्यांदा शेक

तंबाखूचा खर्रा घोटणाऱ्या आपल्या मुलखात, कोराडीच्या या सभेतही, जिभेच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेला माणूस ज्यांच्या माहितीत नाही असे थोडेच असतील. आज मी बोलणार आहे ते अशांविषयी, ज्यांची गाठ विरघळली, घर सावरलं आणि काही काळाने त्याच जागी पुन्हा आजार दिसला. नातेवाईक सगळ्यात आधी विचारतात, "डॉक्टरसाहेब, मागच्या खेपेला शेकानं गुण आला होता, पुन्हा द्या ना."

देता येतो, पण सगळ्यांना नाही. पहिल्या खेपेला साधारण ६६ ते ७० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) इतकी मात्रा सहा-सात आठवड्यांत दिलेली असते. गाठ जळते तेव्हा शेजारचा जबडा, गिळायचे स्नायू, मानेतली मोठी रक्तवाहिनी, मज्जारज्जू हेही थोडंफार सोसतात. मज्जारज्जूला एरवी ४५-५० ग्रेपलीकडे जाऊ देत नाहीत. काळ गेला की तो काही अंशी सावरतो. जबड्याचं हाड मात्र फारसं सावरत नाही. म्हणून दुसऱ्या शेकानंतर हाड कुजणं, तोंड न उघडणं, जेवणासाठी कायमची नळी लागणं हे घडू शकतं. क्वचित मानेतली ती रक्तवाहिनी फुटते आणि मग हातात वेळच उरत नाही. हे सांगताना मला जड जातं, पण रुग्णापासून ते लपवणं मला मान्य नाही.

म्हणून आधी सर्जनला विचारायचं: काढता येईल का? येत असेल तर शस्त्रक्रियाच पहिली. अमेरिकेतल्या सात संस्थांनी दुसऱ्यांदा शेक घेतलेल्या ४१२ रुग्णांचा हिशेब २०१८ साली मांडला. पहिल्या शेकाला दोन वर्षांहून जास्त झाली होती आणि गाठ काढलेली होती, अशांपैकी सुमारे ६२ टक्के दोन वर्षांनी हयात होते. दोन वर्षांच्या आतच आजार परतला आणि आधीपासूनच पोटातली किंवा श्वासाची नळी होती, त्यांच्यात १७ टक्के. इतका फरक! वय नव्हे, मधला काळ आणि गिळण्या-श्वासाची स्थिती इथे निर्णय ठरवते.

आता किरण गाठीच्या आकाराप्रमाणे वळवता येतात. खारघरच्या टाटा केंद्रात प्रोटॉनची सोय आहे. प्रोटॉन गाठीपाशी थांबतात, पलीकडचा भाग वाचतो. पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी जुनी मात्रा पुसली जात नाही.

ज्यांना शेक नाही आणि शस्त्रक्रियाही नाही, त्यांना 'घरी न्या' म्हणून सोडायचं नसतं. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तोंडी गोळ्यांसोबत निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची केवळ २० मिलिग्रॅम मात्रा दर तीन आठवड्यांनी दिली. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही ही कमी. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. महागडं औषध आपल्या माणसाच्या आवाक्यात आणायची ही वाट मला फार मोलाची वाटते. दुखणं आवरायला मॉर्फिन आहे. ते मागायला लाजू नका.

आणि एक काम आजच करा. शेक मानेवाड्याच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयात झालेला असो, जामठ्याला असो की मुंबईला, किती ग्रे, किती दिवस, कोणत्या भागावर याचा कागद आणि प्लॅनची सीडी मागून घ्या. दुसऱ्या शेकाची मात्रा त्या कागदावरूनच मोजतात.