कानडीचा ‘तम्म’ आणि माझा बग

आज कोड थोडा कमी, अक्षरं जास्त.

उमदीत माझ्या मामाचं शेती-औषधाचं दुकान आहे. डाळिंबाच्या फवारणीचं वेळापत्रक मोबाईलवर दिसावं म्हणून मी त्याला एक छोटं अ‍ॅप करून दिलं. वर मराठी, खाली कानडी. आपल्या जतच्या पूर्व भागात हे लागतंच. 2022 ला टीव्हीवर ‘जतची 40 गावं’ म्हणून केवढा गदारोळ चालला होता. दुकानात मात्र माणूस दोन्ही भाषांत उधारी मागत होता!

पहिल्याच दिवशी एक आजोबा मामाला म्हणाले, ‘‘मराठी मोठ्यानं बोलतंय, आमचं कानडी दाराबाहेर उभं केलंय व्हय?’’ खरंच होतं. मराठीला मी झकास फॉन्ट निवडलेला आणि कानडीला फोनमध्ये जो असेल तो. त्यात कानडीत जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं. ‘हत्तु’ म्हणजे दहा, त्यातला दुसरा ‘त’ ओळीच्या खाली जातो. मी चौकटीची उंची मराठीच्या मापानं ठरवलेली, त्यामुळे तो अर्धा कापला जायचा. औषधाच्या मापात असलं चालत नाही राव.

शोधताना मुंबईच्या ‘एक टाइप’चं काम सापडलं. हा अक्षरं घडवणाऱ्यांचा स्टुडिओ. त्यांचा ‘बलू’ नावाचा गुबगुबीत फॉन्ट तुम्ही पोस्टरवर शंभरदा बघितलाय, नाव माहीत नसेल एवढंच. सारंग कुलकर्णींनी देवनागरी आणि रोमन केलं. पण बाकीच्या लिप्या देवनागरी ताणून-वाकवून केल्या नाहीत. त्या त्या लिपीसाठी वेगळे हात बसवले. कानडी दिव्या कौशिक यांनी केलं. जाडी, गोलाई, स्वभाव सारखा. पण कानडीला शिरोरेषा नाही, तर ती उगाच चिकटवायची नाही. घर एक, चेहरे वेगळे.

नावं तर ऐका. बंगाली ‘बलू दा’, गुरुमुखी ‘बलू पाजी’, मल्याळम ‘बलू चेट्टन’, आणि कानडी ‘बलू तम्म’. तम्म म्हणजे धाकटा भाऊ. मला हे फार आवडलं. आधी त्यात एकच जाड वजन होतं. ‘बलू 2’मध्ये पाच आहेत, म्हणून अ‍ॅपमधला बारीक मजकूरही निभतो. आणि फुकट, खुल्या परवान्याचा.

आम्ही कोडवाले काय करतो? आधी इंग्रजीत स्क्रीन बनवतो, मग भाषांतर कोंबतो. या वेळी मी उलटं केलं. सगळ्यात उंच कानडी शब्द आधी टाकला, त्याच्या मापानं चौकट केली, मग मराठी बसवलं. दोन रात्री गेल्या, त्यातली एक लोडशेडिंगमुळे.

नवं वेळापत्रक आजोबांनी चष्मा न लावता वाचलं. मामाला आता दुकानाची पाटीपण तशीच हवीय. पेंटरकाका म्हणाले, ‘‘मोबाईल समोर धर, ब्रशनं काढतो, पण तो तुझा तम्म जरा हळू सरकव.’’